समाईक फिडल

आमच्या घरात एक व्हायोलिन होतं. घरात सगळे त्याला फिडल म्हणत, म्हणून मीही फिडलच म्हणते. ते कुणाचं, असं कुणी विचारलं तर एका शब्दात सांगता यायचं नाही. रत्नागिरीत ज्याचं घर आहे त्याला हे समजावून द्यावं लागत नाही. आमच्याकडे जमीन एकाची असते, त्यातला फणस दुसऱ्याचा असतो, आणि आंब्याच्या एका झाडात चार भावांचे वाटे असतात. झाड कापून वाटता येत नाही, म्हणून पाळी लावतात. यंदाचा आंबा थोरल्याचा, पुढच्या साली धाकट्याचा. झाड तोडायचं झालं तर सगळ्या वाटेकऱ्यांनी हो म्हटलं पाहिजे. सगळे एकदम हो म्हणत नाहीत, म्हणून झाडं उभी राहतात.

सासरे गेल्यावर दोघे भाऊ वेगळे झाले. मांडवीच्या वर चढणीला आमची जागा. एका आवाराची दोन आवारं झाली, मध्ये जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा घातला. अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटे दीर आणि जाऊ. भांडी वाटली, आंब्याची कलमं वाटली. गणपती मात्र वाटायचा नाही असं सासरे बजावून गेले होते, म्हणून तो एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष पलीकडे. सासरे गणपतीच्या आरतीला फिडल वाजवायचे. तेव्हा फिडलही गणपतीबरोबर जायचं असं आपोआप ठरलं. चतुर्थीच्या सकाळी एक भाऊ गडग्याच्या इकडे, दुसरा तिकडे, आणि फिडलाची पेटी वरून या हातातून त्या हातात. फाटकातून कधी नेलं नाही. का, ते विचारू नका. तसं पडलं.

वाजवणारे मात्र आमचे हेच. बंदरावरच्या लाकडाच्या वखारीत दिवसभर ओंडके मोजून घरी आले की हातपाय धुवायचे, मांडी घालून बसायचे, फिडलाचं डोकं पायाच्या पंजावर टेकवायचे आणि गज फिरवायचे. मला त्यातलं काही कळत नसे. भात लावला आहे, वाजवणं संपलं की वाढू, एवढंच मी बघायची. पण ज्या वर्षी फिडल पलीकडे असे त्या वर्षी या माणसाचं जेवणात लक्ष नसे. दीर वाजवत नसत. जाऊ ती पेटी खाटेखाली ढकलून ठेवी. मग हे दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून गडगा ओलांडत. खुंटी सैल झाली असेल. गजाला लावायची राळ संपली असेल. तारांखालची घोडी सरकली असेल. एकदा तर घोरपड घरात शिरताना बघितली म्हणून गेले. घोरपड कसली नि काय!

पावसाळ्यात ते फिडल आम्ही चुलीच्या वर, माळ्याला टांगत असू. बियाण्याची तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, टांगतात तसंच, त्यांच्याच रांगेत. नाही तर मांडवीच्या हवेत आठ दिवसांत बुरशी. धुराने वाळवी लागत नाही, लाकूड फुगत नाही. सासऱ्यांनी तसं केलं, आम्हीही केलं. त्यामुळे फिडल तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं. त्याच्या पोटात एक कागद चिकटवलेला होता म्हणे. तो कसरीने कधीच खाल्ला होता.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. त्या वर्षी गणपती आमच्याकडे होता, म्हणजे फिडलही आमच्याकडे. शिमगा झाला आणि हे वखारीतच पडले. डावी बाजू गेली. जीभ जड झाली, बोलणं तोंडात घोळायचं. हॉस्पिटलातून घरी आणले तर पहिली खूण केली ती पेटीकडे. मी फिडल काढून खाटेवर डाव्या हाताशी ठेवलं. तो हात म्हणजे ओल्या फडक्यासारखा पडलेला. उजव्या हाताने तो उचलायचे आणि फिडलावर नेऊन ठेवायचे. वाजवणं संपलं होतं, पण हात त्यावर असला की डोळा लागायचा. नसला तर रात्रभर कण्हायचे आणि मला जागं ठेवायचे. म्हणून मीच ते खाटेवर राहू दिलं. मलाही झोप हवी होती.

श्रावणात मुंबईचा एक माणूस गावात आला. जुन्या समया, तांब्याचे हंडे, शिसवी पेट्या विकत घेत घरोघर फिरत होता. दीर त्याला गडग्यावरून आमच्याकडे घेऊन आले. दीर तेव्हा मिरजोळ्याच्या एका कारखान्यात राखणीला होते. त्यांचा मोठा मुलगा आखातात जायला बसला होता, एजंट रोज पैशाचा तगादा लावत होता. ते मला माहीत होतं, म्हणून मी पाहुण्याला चहा दिला.

त्याने फिडल उजेडात नेलं, रुमाल काढला आणि बोटाएवढी जागा पुसली. काळ्याखाली लालसर, मधासारखा रंग निघाला. मग टॉर्च लावून आत बघितलं, पाठ बघितली, कडेची नक्षी बघितली, नखाने ठोकून कान लावला.

"बाई, हे धुरात कोणी ठेवलं?"

"आम्ही ठेवलं. तुम्ही मुंबईत पावसाळ्यात काय करता?"

"असं लाकूड आता मिळत नाही. युरोपातलं आहे, फार जुनं. मी आजवर असं एकच बघितलंय आणि तेही काचेच्या कपाटात. हे तुमच्याकडे आलं कसं?"

झालं. इतिहास विचारला तर आमच्या घरात तोंडं तितके इतिहास. ह्यांचं म्हणणं, जे ते धडधाकट असताना सांगायचे, ते असं की जयगडच्या खाडीत परदेशी बोट अडकली होती, सासऱ्यांनी तिच्यावरच्या खानसाम्याला बुडताना वाचवलं, त्याने दिलं. दीर सांगू लागले की कसलं वाचवलं, बोट फुटली आणि पेटी वाळूत वाहून आली. एवढ्यात गडग्यापलीकडून जाऊ ओरडली, "दोन कोंबड्या आणि फणस देऊन घेतलं होतं हो! मला सासूबाईंनी सांगितलंय. सासूबाई त्या कोंबड्यांसाठी मरेपर्यंत रडत होत्या."

पाहुण्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते असू दे. पण माल समाईक आहे ना? मग सगळ्या वाटेकऱ्यांचं हो पाहिजे. नंतर भांडण माझ्या दारात नको. गणपती झाले की येतो."

तो गेल्यावर दीर खाटेशी बसले. "दादा, तुला आता वाजवता येत नाय. उगाच पडून आहे. पोराचं होऊन जाईल."

ह्यांनी मान फिरवली. तोंडातून शब्द ओढून काढला, "नाय."

"बरं. तुझ्या पाळीत नको. चतुर्थीला माझी पाळी येते. मग तरी माझं ऐकशील ना?"

ह्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून पुन्हा फिडलावर ठेवला. दीर उठले आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, मी काय चोर नाय."

नव्हतेच. मला तेही कळत होतं. पण मला हेही कळत होतं की चतुर्थीला फिडल गडग्यापलीकडे गेलं की परत येणार नाही, आणि ते गेलं की हा माणूस पुढचा पावसाळा बघणार नाही. डॉक्टरने असं काही सांगितलं नव्हतं. पण रोज त्यांना उठवून बसवणारी, पुसणारी, भरवणारी मी होते, डॉक्टर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर असताना जाऊ गडग्याला टेकून म्हणाली, "वहिनी, हात हलत नाय त्या माणसाला फिडल कशाला? पाठ खाजवायला?"

"तुझ्या नवऱ्याचे दोन्ही हात हलतात. त्याने आजवर काय वाजवलं? तोंड."

"माझ्या पोराचं नशीब अडलंय हो."

"आणि माझ्या नवऱ्याची झोप."

ती पुटपुटत आत गेली. मी कळशी भरली आणि तिथेच मला पाहुण्याचे शब्द आठवले. सगळ्या वाटेकऱ्यांचं. सगळे म्हणजे दोघेच का? सासऱ्यांना मुलगीही होती. माझी नणंद, ह्यांच्या पाठची, दिरांच्या वरची. जयगडला दिलेली. सासरे गेले तेव्हा घराच्या आणि कलमांच्या कागदावर तिने सही करून आपला हक्क सोडला होता. बहिणी सोडतातच. साडी घेतात आणि सोडतात. पण फिडलाचा कागद कुणी केला नव्हता. केला असता तर सही घेतली असती, नि तिने दिलीही असती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि मी जयगडची एसटी धरली.

वन्सं पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "काय गो वहिनी, वाट चुकलीस? दादा बरा हाय ना?"

"बरा म्हणजे आहे तसाच."

"मग भाऊबीज सोडून तुमच्यापैकी कुणाला जयगड दिसलं नाय, ती आजच तू कशी आलीस? काय हवं?"

मी सगळं सांगितलं. झाकूनपाकून बोलायची मला सवय नाही. त्या ऐकत होत्या आणि आठळी सोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी मध्ये पडून धाकट्याचं अडवू? त्याचं पोर माझाही भाचा हाय."

"मी तुम्हाला विकू नका असं सांगायला आले नाही. तुमचा वाटा आहे एवढं सांगायला आले. काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"माझा वाटा," असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. "वहिनी, ते फिडल कसं आलं ते तुला ठाऊक हाय?"

"खानसामा, वाळू आणि कोंबड्या. तिन्ही ठाऊक आहेत."

"कोंबड्या कुठल्या! बाबांनी मला सांगितलंय. गलबत हाकणारा एक सारंग होता, मुसलमान, इथल्याच खाडीवरचा. बाबा बंदरावर माल उतरवायचे तेव्हा दोघांची बैठक. कुठल्याशा परदेशी बंदरात त्याला ते मिळालं होतं. तो लांबच्या बोटीवर चढला तेव्हा बाबांकडे ठेवायला देऊन गेला. येतो म्हणाला. आला नाय. म्हणून तर बाबा शिकले. वाजतं ठेवायचं म्हणायचे. तो आला तर त्याच्या हातात मेलेलं लाकूड द्यायला नको."

ही चौथी गोष्ट. खरी कोणती ते मला आजही माहीत नाही. पण वन्संनी ती सांगितली तेव्हा त्यांच्या हातातली आठळी सोलायची थांबली होती, एवढं मी बघितलं. मला त्यांनी मासळीची आमटी आणि भात वाढला. मी श्रावण पाळत नाही, त्याही पाळत नव्हत्या. चतुर्थीला येते की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. एसटीपर्यंत सोडायला मात्र आल्या.

चतुर्थीच्या सकाळी दीर गडग्यापाशी येऊन उभे राहिले. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. एरवी ह्यांनी पेटी द्यायची, ती आज मला द्यायची होती. मी खाटेवरून फिडल उचलून पेटीत ठेवलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. पेटी उचलून मी दारात आले तर चढणीवरून वन्सं येत होत्या, डोक्यावर पिशवी घेऊन, साडी पोटरीपर्यंत चिखलाने भरलेली. त्यांनी पिशवी ओट्यावर टाकली, माझ्या हातातली पेटी घेतली आणि गडग्याशी जाऊन उभ्या राहिल्या. दिरांनी हात पुढे केले.

"थांब. हे वर्ष माझं."

"आक्का, काय बोलतेस?"

"तुझी पाळी येते, दादाची येते. माझी कधी आलीच नाय. यंदा मी घेणार. पुढच्या साली तू घे."

"पोरींची पाळी असते काय कधी? गणपती कुठे तुझ्याकडे येतो?"

"गणपती तुमचा. तो ठेवा. फिडल बापाकडचं. तो माझाही बाप होता."

"बरं, मग ने जयगडला!" दीर चिडले होते. "वाजव तिथे मासळीबाजारात."

"जयगडला नेऊन काय करू? मी माझी पाळी इथे घेणार. दादाच्या खाटेशी. आणि तुझ्या मुंबईवाल्याला सांग, आक्का हो म्हणत नाय. जमिनीला माझी सही लागली, याला पण लागेल."

दीर काही बोलणार तेवढ्यात मागून जाऊ आली. हाताला मोदकाचं पीठ. मी मनात म्हटलं, आता ही तोंड सोडणार. ती दिरांना म्हणाली, "तुम्ही गप बसा. माझ्या माहेरी बाबा गेले तर माझ्या भावांनी मला एक नारळ उचल असंसुद्धा म्हटलं नाय. वन्सं, ठेवा तुमच्याकडे. तुमचं बरोबर हाय." आणि पदराने डोळे पुसले, तर पीठ गालाला लागलं. तशीच गेली मोदक वळायला. माझ्या डोक्यातून ते कधी गेलं नाही. तिच्या पोराचं अडत असताना ती असं बोलली.

संध्याकाळी पलीकडे आरती सुरू झाली. टाळ, ढोलकी, सगळी वाडी जमलेली. वन्सं खाटेवर ह्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. फिडल ह्यांच्या छातीला टेकवलं, गज उजव्या हातात दिला. "दादा, तू ओढ. मी दाबते. कुठे दाबायचं ते सांग."

ह्यांनी गज ओढला. काय आवाज निघाला म्हणता! मांजर दारात सापडलं असतं तर बरं ओरडलं असतं. वन्संना कुठली तार कुठली ते माहीत नव्हतं. हे "वर, वर" म्हणायचे, मग "खाली". पाचसहा वेळा चुकलं. मग एकदा आरतीची ओळ त्यातून निघाली. वाकडी, लंगडत, पण तीच. पलीकडची ढोलकी थांबली. मग कुणीतरी ती पुन्हा हळू धरली, आणि सगळी वाडी आमच्या वेगाने आरती म्हणू लागली. प्रत्येक ओळीला आमच्यासाठी थांबायची. ती आरती किती वेळ चालली काय सांगू. कापूर दोनदा विझला म्हणे.

विसर्जन झालं आणि वन्सं गेल्या, त्यांची शेती होती. जाताना माझी बोटं धरून बघितली, जसं बाजारात केळं बघतात. "चालतील," म्हणाल्या.

मी सांगितलं, मला जमायचं नाही. पण रात्री जेवणं झाली की हे गज हातात घेऊन बसून राहायचे. किती दिवस न बघितल्यासारखं करणार? बसले एकदा. तार बोटात रुतायची. भांडी घासून, काट्याकुट्यात काम करून माझ्या बोटांना काही लागत नाही असं मला वाटायचं, पण ही तार वेगळीच रुतते. हे "खाली" म्हणायचे. मी खाली नेलं की "थोडं." मग डोळे मिटायचे, म्हणजे बरोबर. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही असे कधी बसलो नव्हतो. खांद्याला खांदा लावून बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असं आमचं वय असताना होतं. आता ह्यांच्या दाढीला माझा कान लागायचा आणि मी बघायची की तार कुठली. एक आरती आणि एक भूपाळी, एवढंच मला आलं. त्यापुढे आलं नाही. कधीकधी मी मुद्दाम चुकायची, कारण चुकलं की ते हसायचे, आणि हसताना त्यांचं तोंड सरळ व्हायचं.

मुंबईवाला आला. दिरांनी त्याला समया दिल्या आणि परत पाठवला. मुलगा दिवाळीनंतर आखातात गेला. कसा गेला ते मी विचारलं नाही. जावेच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या होत्या. मी एकदा तिच्याकडे रवळीची टोपली भरून तांदळाचे घावन पाठवले.

वर्ष फिरलं. गणपती यंदा आमच्याकडे, पण वन्संनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, तेव्हा आता फिडलाची पाळी दिरांची. चतुर्थीच्या सकाळी ते आले, पण गडग्यापाशी न थांबता फाटकातून घरात आले. आम्ही दोघं खाटेवर होतो, सकाळचं थोडं वाजवायचा नेम होता. ते दारातच उभे राहिले. माझी बोटं थांबली. ह्यांनी गज खाली ठेवला, फिडल उजव्या हाताने पुढे सरकवलं. शब्द आता जरा बरे यायचे. म्हणाले, "ने."

दिरांनी ते उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. मुंबईवाल्याने पुसली होती ती जागा अजून लालसर होती. मग म्हणाले, "आमच्याकडे चुना काढलाय भिंतींना. धूळ बसेल. चुना झाला की नेतो."

पलीकडून जाऊ ओरडली, तिचे कान फार तिखट, "कसला चुना? चुना मेला आणलाय कुठे तुम्ही?"

"तू गप गो!" दिरांनी तिच्यावर ओरडून फिडल खाटेवर ठेवलं. ठेवताना भावाचा पडलेला हात उचलून नीट त्यावर ठेवला. मग माझ्याकडे बघून, "वहिनी, ती दुसरी ओळ तुम्ही रोज चुकता. तिथे बोट आणखी वर न्यायचं. मला तिकडे ऐकू येतं," म्हणाले आणि गेले.

रोज ऐकत होते म्हणजे.

त्यांचा चुना काही त्या वर्षी झाला नाही, पुढच्याही नाही. आमचे हे त्यानंतरच्या माघात गेले. गेले तेव्हा फिडल खाटेवर होतं. पाळी अजून दिरांचीच होती.